रिकाम्या वेळात मोडी शिकताय? या चुका टाळा

मोडी लिपी शिकायला घेणारे बरेच जण बाराखडीपाशीच अडकतात. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे; हाताशी असलेला वेळ भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

पहिली चूक रविवारची. आठवडाभर वहीला हात लावायचा नाही आणि रविवारी सलग चार तास ठाण मांडायचं. मोडी ही डोळ्याची सवय आहे, सहा दिवसांच्या खंडात ती पुसट होते. रोज अर्धा तास पुरे: दहा मिनिटं लेखन, वीस मिनिटं वाचन.

लिहिताना देवनागरीसारखं आधी अक्षर आणि मग डोक्यावर रेघ, असं करू नका. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि अक्षरं त्यांना खालून टांगतात. काना अक्षराच्या पायथ्यापासून हात न उचलता वर वळतो, त्यामुळे मूळ अक्षर ओळखीचं झालं तरी काना लागला की ते परकं वाटतं. सुटी मुळाक्षरं घोटत बसू नका, बाराखडीच गिरवा.

खरी गंमत वाचनात आहे, आणि घोटाळेही तिथेच. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'तेथेजाऊनये' हे 'तेथे जाऊ नये' की 'तेथे जाऊन ये'? अक्षरं सगळी लागली तरी हुकूम उलटा होऊ शकतो. आधी पूर्ण ओळ सलग उतरवा, शब्द नंतर तोडा.

उभ्या रेघांनाही फसू नका. आकड्यापुढची एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ७॥ म्हणजे साडेसात. ती रेघ पूर्णविराम समजून सोडली तर हिशेब बसणार नाही. शब्दापुढच्या दोन रेघा मात्र संक्षेपाच्या: मु॥ म्हणजे मुक्काम.

तारखेत तर भलेभले घसरतात. पेशवेकालीन कागदांत शुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, अरबी शब्दांत येतो आणि एककापासून मोजत जातो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. इसवी सन काढायला यात सरसकट ६०० मिळवणं ही नेहमीची चूक. हे साल मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतं. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून १४ जानेवारी १७६१ची पानिपतची लढाई ११६१ मध्येच पडते. शब्दांची यादी लहान आहे, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून टाका.

घरच्या दप्तरातला कागद सरावाला घेत असाल तर फोटो काढा आणि फोटोवरूनच वाचा. फाटक्या घडीला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही.

एखादा शब्द पाच मिनिटांत लागला नाही तर अंदाजाने भरू नका. जागा मोकळी सोडा, ओळीचा क्रमांक टाका, पुढे चला. तेच वळण बहुधा चार ओळींखाली सोप्या शब्दात भेटतं.