गावच्या शाळेत सकाळचा नाष्टा कसा चालू करायचा (आणि त्याची वर्गणी अमेरिकेच्या रेतीत काहून टाकायची नाही)

कापूस वेचायचे दिवस आले की आमच्याकडं बाया सकाळी सातच्या आत वावरात पोचलेल्या असतात. लेकरू उठते तेव्हा टोपल्यात रातची भाकर असली तर असली, नाहीतर च्या अन् टोस्ट, तेवढ्यावर ते पोट्टं शाळेत येऊन बसते आणि पोषण आहाराची खिचडी ताटात पडते दुपारी. मधले तास गणित, भाषा, सगळं रिकाम्या पोटी. गुरुजींना माहीत हाय, सरपंचाला माहीत हाय, पण सरकारी कागदावर सकाळच्या नाष्ट्याचा रकानाच नाही म्हणून कोणी बोलत नाही. तर तो नाष्टा गावानं कसा सुरू करायचा, अर्ज कोणाला द्यायचा, पैसा कुठून आणायचा ते लिहितो, आणि सोबत एक इशारा पण, कारण अशा वर्गणीवर काही हुशार भावांचा डोळा असते आणि ते म्हणतात अमेरिकेतल्या फ्रॅकिंगच्या, म्हणजे खडक तडकवून तेल काढायच्या, रेतीच्या कंपनीत टाका, दुप्पट करून देतो.

आधी मोजा, भाषण नंतर. वर्गशिक्षकांना सांगा की एक आठवडा हजेरी झाली की प्रत्येक लेकराला चिठ्ठी द्यायची अन् "आज सकाळी काय खाल्लं" एवढंच लिहून घ्यायचं. पहिली-दुसरीच्या लेकरांना जवळ बोलावून हळूच विचारायचं. हात वर करायला लावू नका, भर वर्गात कोणतंच पोट्टं मी उपाशी आलो म्हणून हात वर करत नाही. चिठ्ठीत खरं येते. तिसरीतल्या एका पोरीच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या, च्या, च्या, पाच रुपयेवाला पुडा, च्या, आणि शेवटच्या दिवशी "मामा आला होता म्हणून पोहे". च्या-टोस्टला नाष्टा धरू नका, वेगळं मोजा. आणि आठवडा पऱ्हाटी वेचायचा किंवा रोवण्याचा निवडा, दिवाळीनंतरचा नको, तेव्हा घरोघरी चिवडा असते. चिठ्ठ्यांवरचं नाव फाडून गठ्ठा सभेत टेबलावर ठेवा, मग कोणी म्हणत नाही की आमच्या गावात असं नाही.

आता कागद. पीएम पोषण म्हणजे आपल्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी अन् 12 ग्रॅम प्रोटीनचा नियम हाय, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी, 20 ग्रॅम. हे सगळं दुपारचं. सकाळचा आधार हवा तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा परिच्छेद 2.9 काढा, त्यात दुपारच्या जेवणाशिवाय साधा पण ताकदीचा नाष्टा द्यावा असं सरळ लिहिलं हाय, आणि गरम देणं जमत नसेल तिथं फल्लीदाणे किंवा चणे गुळासोबत अन् गावातली फळं द्या असंही हाय. याची झेरॉक्स अर्जाला जोडा. दुसरा आधार तामिळनाडूचा. तिथं 15 सप्टेंबर 2022 ला मदुराईतून सरकारी प्राथमिक शाळांत नाष्टा सुरू झाला, आधी 1,545 शाळा, मग ऑगस्ट 2023 पासून राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा, आणि रांधतात बचत गटाच्या बाया. सरकारच्या उमेद अभियानाचे बचत गट आपल्याकडं गावोगावी हायेतच, म्हणजे माणूसबळ नाही हे कारण चालत नाही.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत 75 टक्के पालक अन् एकूण निम्म्या बाया असायला पाहिजेत, बहुतेक गावात त्या बायांची फक्त सही येते, या विषयाला मात्र त्यांनाच बोलू द्या. ठरावात तीन गोष्टी हव्या, नाष्टा कोणत्या तारखेपासून, कोण रांधणार, पैसा कोणत्या खात्यात. ठराव मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि एक प्रत थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना. पोच शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. साहेब म्हणणार नाष्ट्याचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाही. तेव्हा वाद न घालता स्नेहभोजनाचं नाव घ्या, बाकी देशात ज्याला तिथी भोजन म्हणतात ते, गावकऱ्यांनी वाढदिवस, तेरवी, लग्नाच्या निमित्तानं लेकरांना जादा खाऊ घालायची पोषण आहारात सोय हाय. दरवाजा त्यातून उघडते.

पण तेवढ्यावर थांबू नका, अन् सरकारनं एकदा दिलं म्हणजे कायमचं दिलं असंही समजू नका. अंड्याचं काय झालं पाहा ना, 2023 च्या शेवटी आठवड्याला अंडं सुरू झालं, लेकरं खूश, आणि जानेवारी 2025 ला राज्यानं त्याचा निधी काढून घेतला, म्हणे समितीनं लोकवर्गणीतून पाहावं.

खर्च कागदावर मांडून न्या, हा सगळ्यात कामाचा भाग हाय. समजा 60 लेकरं. माणशी 40 ग्रॅम पोहे म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम, 120 रुपये. फल्लीदाणे 600 ग्रॅम, 80 रुपये. तेल 45, कांदे-आलू-सांबार (कोथिंबीर)-लिंबू 70, गॅस 55. झाले 370. स्वयंपाकी बाईला सकाळी लवकर यायचे रोजचे 110 जादा द्या, कारण पोषण आहारात तिला महिन्याला 2,500 रुपये मिळतात आणि त्यातच फुकट नाष्टा पण रांध म्हणणं लाजेची गोष्ट हाय. म्हणजे दिवसाला 480, लेकरामागे आठ रुपये. वर्षाचे 220 दिवस धरले तर 1 लाख 5 हजार 600. भाव तुमच्या बाजारचे टाका. एक दिवस पोहे, एक दिवस उपमा, एक दिवस ज्वारीची आंबील, बाई आली नाही त्या दिवशी गूळ-फुटाणे. तर्री नको, ती लेकरांपेक्षा गुरुजींनाच जास्त लागते.

वाढायचं कधी, यावर भांडणं होतात. शाळेच्या आधी बोलावलं तर जे लेकरू लांबच्या तांड्यावरून, पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) येते तेच हुकते, आणि लवकर येऊन खाणारा तो गरीब असं पोरं ठरवून टाकतात. अमेरिकेत हे आधीच घडून गेलं. तिथं शाळेतल्या नाष्ट्याची सरकारी योजना 1966 ला प्रयोग म्हणून सुरू झाली, गरीब वस्त्या अन् लांबून येणारी लेकरं डोळ्यासमोर ठेवून, 1969 ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरवाल्यांनी, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेनं, चर्चमध्ये स्वतः लेकरांना फुकट नाष्टा वाढायला घेतला, आणि 1975 ला सरकारी योजना कायम झाली. पण घंटेआधी कँटीनमध्ये ठेवलेला नाष्टा लेकरं खायला येत नव्हती, वर्गात घंटेनंतर द्यायला लागले तिथं खाणारे वाढले. म्हणून परिपाठ झाला की वर्गातच, सगळ्यांना, सरपंचाच्या नातवाला पण. पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या.

आणि तिथला पैसा पाहा कसा येतो, ताटामागे सरकार शाळेला पैसे देते, जितकी ताटं तितके पैसे. देणगीच्या व्याजावर नाही चालत ते. ही गोष्ट धरून ठेवा, पुढं लागणार हाय.

पैसा कुठून? खाणपट्ट्यातलं गाव असेल, चंद्रपूर, वणी, उमरेड, तुमसर, सुरजागडकडचं, तर पहिला अर्ज जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. 2015 च्या कायद्यानं खाणवाल्याला रॉयल्टीच्या वर जादा भरणा करावा लागते, 12 जानेवारी 2015 च्या आधीचा पट्टा असेल तर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावात घेतला असेल तर 10 टक्के, आणि तो पैसा खाणबाधित लोकांसाठीच हाय. 2024 च्या सूचनांनुसार त्यातला कमीत कमी 70 टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, बाया-लेकरं असल्या गरजांवर जायला पाहिजे, कुपोषण त्यात बसते. धूळ आपण खातो, ब्लास्टिंगनं भिंती आपल्या तडकतात, मग मागायला लाजायचं काहून? फक्त त्या कार्यालयाला बांधकाम आवडते, दिसते ना. म्हणून दोन वेगळे अर्ज करा, एक किचन शेड, शेगडी, भांडी, पाण्याची टाकी यासाठी, दुसरा तीन वर्षांच्या रोजच्या खर्चासाठी. एकाच अर्जात टाकलं तर शेड मंजूर होते अन् पोहे राहून जातात. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा पैसा, पण भुकेसाठी अन् कुपोषणासाठी चालते, 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पहिलंच कलम ते हाय, पण तो संस्थेमार्फत घ्यायचा तर ती नोंदणीकृत लागते. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या अबंध, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेल्या, पैशातून काही बसते का ते ग्रामसेवकाला ग्रामसभेत विचारा, आराखडा ठरायच्या आधी, नंतर नाही.

आता रेती. वर्गणी, माजी विद्यार्थी, एखाद्या दानशूर शेतकऱ्याची देणगी मिळून समजा तीन लाख जमले. एफडीत सात टक्के व्याज धरलं तर 21 हजार येतात, म्हणजे 44 दिवसांचा नाष्टा. पूर्ण वर्ष व्याजावर काढायचं तर 15 लाख लागतात. इथं लोकांचा धीर सुटते आणि कोणीतरी व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ दाखवते की अमेरिकेत तेल काढायला रेती लागते. रेती म्हटलं की आपल्याला वैनगंगा-कन्हानचे घाट, टिप्पर अन् रातोरात उभे झालेले बंगले आठवतात, म्हणून हा माल पटकन खपते.

धंदा खरा हाय, खोटा नाही. खोल खडकात पाणी अन् रेती जबरदस्त दाबानं घालतात, खडक तडकते, रेतीचे दाणे फटीत अडकून फट उघडी ठेवतात अन् त्यातून तेल-गॅस येते. त्याला आपल्या घाटाची रेती चालत नाही, जवळपास शुद्ध क्वार्ट्झ, गोल, दाबाखाली न फुटणारा दाणा लागते. तसला दाणा विस्कॉन्सिन राज्यात भरपूर, 2010 नंतर तिथं डोंगरच्या डोंगर खोदले. तो माल रेल्वेनं हजारावर मैल टेक्सासला जायचा अन् रेतीपेक्षा भाडं महाग पडायचं. 2017 ला टेक्साससाठी खुद्द पश्चिम टेक्सासच्या टेकाडांची रेती निघायला लागली, दाणा थोडा हलका पण विहिरीच्या बाजूला. जवळचा घाट सुरू झाल्यावर लांबच्या घाटाची गाडी कोण बोलावते? विस्कॉन्सिनवाले बसले. एमर्ज एनर्जी 2019 ला दिवाळखोरीत गेली, कोव्हिया अन् हाय-क्रश 2020 ला, त्याच वर्षी 20 एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्या खाली उणे 37.63 डॉलरवर बंद झाला होता. आणि जी टिकली तिचं पाहा, यूएस सिलिका ही रेतीचीच कंपनी जानेवारी 2012 ला शेअरमागे 17 डॉलरला बाजारात आली, 2014 ला 70 च्या वर गेली, आणि 2024 ला अपोलो या गुंतवणूक कंपनीनं 15.50 डॉलर देऊन बाजारातून काढून घेतली. बारा वर्षं धरून ठेवणाऱ्याच्या हातात किरकोळ लाभांश सोडला तर सुरुवातीच्या भावाहून कमी. तुमच्या नाष्ट्याचा खर्च मात्र त्या बारा वर्षांत एक दिवस थांबला नसता.

वरून हे कायद्यातच बसत नाही. ट्रस्ट नोंदवला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 च्या कलम 35 नुसार पैसा पोस्ट, बँक, सरकारी रोखे असल्याच जागी ठेवावा लागते, बाहेर ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. परदेशात पैसे पाठवायची जी उदारीकृत योजना हाय, वर्षाला अडीच लाख डॉलरवाली, ती फक्त व्यक्तीसाठी, ट्रस्टसाठी नाही. म्हणजे कोणीतरी स्वतःच्या खात्यातून पाठवणार, शेअर त्याच्या नावावर, अन् उद्या त्याच्या घरात वाटणी झाली की गावाची वर्गणी त्यात. सभेत एवढंच विचारा, शेअर कोणाच्या नावावर राहणार भाऊ? बहुतेक वेळा विषय तिथंच मिटते.

स्वतःच्या पैशानं कोणाला करायचंच असेल तर त्याची मर्जी. स्मार्ट सँड अन् अॅटलस एनर्जी या रेतीच्या कंपन्या बाजारात हायेत, अॅटलसनं तर रेती वाहायला 42 मैलांचा कन्व्हेअर पट्टा टाकला, म्हणजे भांडण अजून भाड्याचंच हाय हे समजून घ्या. शेअरच्या भावाआधी तेलाचा भाव, दर आठवड्याला येणारा बेकर ह्यूज कंपनीचा रिगचा आकडा (तेलाच्या विहिरी खोदणारी किती यंत्रं चालू हायेत तो), कंपनीवर कर्ज किती अन् किती माल पक्क्या करारानं विकलेला हाय ते पाहा. लाभांश मिळाला तर तिथंच 25 टक्के कर कापते. शेत गहाण ठेवून तर अजिबात नाही.

वर्गणीसाठी पोस्ट किंवा राष्ट्रीयीकृत बँक. खातं दोन सह्यांचं, एक मुख्याध्यापक अन् एक समितीतली आई. एक वर्षाचा खर्च बचत खात्यात मोकळा ठेवा, उरलेला एफडीत, कारण मंजूर झालेला खनिजाचा पैसा पण बिलं निघेपर्यंत उशिरा येते अन् किराणावाला उधारीवर पहिल्या महिन्यानंतर तोंड वाकडं करते. रोजचं रजिस्टर शाळेच्या भिंतीला टांगा, आज किती ताटं, काय रांधलं, किती खर्च, खाली चव घेणाऱ्या पालकाची सही. खनिजवाले, सीएसआरवाले तपासायला आले की हेच रजिस्टर मागतात. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की वेळ बदला, सातला गरम पोहे कोणी खात नाही, साडेआठला गूळ-फुटाणे अन् ताक द्या, बाईला त्या महिन्यांचे पैसे कापू नका, आणि शिल्लक सिलिंडर मुख्याध्यापकांच्या ताब्यात रजिस्टरवर लिहून द्या, जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हा नवीन बुकिंगची वाट पाहावी लागत नाही.