मटोबोच्या खडकांत राहायला जाण्यापूर्वी

झिंबाब्वेतल्या मटोबो डोंगरांत लॉजवर राहायला जायचं ठरलं असेल, तर तयारी बुटांपासून सुरू करा. आफ्रिकेची सफारी म्हटली की दिवसभर उघड्या जीपमध्ये बसायचं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मटोबोत मात्र गेंडे काय, गुहांमधली चित्रं काय, सगळ्यापर्यंत शेवटी पायीच पोचावं लागतं. बुलावायो शहराच्या दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर ग्रॅनाइटचा हा मुलूख लागतो. कुठे जमिनीतून वर आलेल्या प्रचंड गुळगुळीत पाठी, कुठे एकावर एक रचून ठेवल्यासारख्या शिळा. हंपी पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सह्याद्रीत चढणाऱ्यांना मात्र सवय करून घ्यावी लागते, कारण बेसॉल्टला असतात तशा पायऱ्या आणि खाचा इथे सापडत नाहीत, सलग घोटीव उतार असतो. खडक कोरडा असला तर रबरी तळवा छान धरतो. पण त्यावर नारिंगी, पिवळी, हिरवट दगडफुलं पसरलेली असतात, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडंच; ती ओली झाली की पाय सटकलाच म्हणून समजा. नवे बूट थेट तिथे घालू नका. आधी महिनाभर टेकडीवर, गडावर वापरून पायाला बसवून घ्या.

कपडे खाकी, मातकट, मंद रंगाचे घ्या. लष्करी ठिपक्या-पट्ट्यांची छपाई असलेलं काहीही, अगदी मुलाची टोपीसुद्धा, घरीच ठेवा. झिंबाब्वेत नागरिकांना तसे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. आणि आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने स्वेटर काढून ठेवू नका. हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंच आहे. जून-जुलैत तिथे ऐन हिवाळा असतो आणि रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत पाऊस सरलेला असतो, गवत वाळू लागतं, हवा सुंदर असते, पण पहाटेच्या जीपमध्ये कानटोपी लागतेच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पीतज्वराच्या लशीकडे. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल, तर निघण्याच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रावर ती टोचून तिच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते. ह्वांगेचं राष्ट्रीय उद्यान किंवा व्हिक्टोरिया धबधबाही बेतात असेल, तर मलेरियाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना भेटा. अमेरिकन डॉलर सुट्ट्या, छोट्या, स्वच्छ नोटांत न्या, फाटकी-मळकी नोट कुणी घेत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लॉजला स्पष्ट कळवा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे साझा, आणि पालेभाजी तिथल्या रोजच्या जेवणातलीच आहे, मुद्दाम मागून खा.

मनाचीही थोडी तयारी लागते. मटोबोच्या राष्ट्रीय उद्यानात सिंह आणि हत्ती नाहीत, ते ह्वांगेत पाहा. इथे यायचं ते गेंड्यांसाठी, कड्यांवर हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यांची शिकार करणाऱ्या काळ्या गरुडांसाठी, आणि दिसलाच तर बिबट्यासाठी. गेंड्याची नजर अधू असते, पण नाक आणि कान तल्लख. म्हणून त्या सकाळी अत्तर लावू नका, सळसळणारं जाकीट घालू नका, फोन मुका ठेवा आणि वाटाड्याच्या हातांच्या खुणा आधीच समजून घ्या. गेंड्यांची शिंगं कापलेली दिसतील. शिकाऱ्यांपासून त्यांना वाचवण्यासाठी हे केलेलं असतं. याच कारणासाठी फोनमधली ठिकाणाची नोंद निघण्यापूर्वीच बंद करा. गेंडा नेमका कुठे दिसला, हे फोटोसोबत जगाला कळता कामा नये. सामानातली ही सगळ्यात लहान, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट.

न्स्वातुगी गुहेत रंगवलेले जिराफ आणि कुडू हरणं पाहायला जाल तेव्हा दुर्बीण आणि विजेरी बरोबर असू द्या, पण हात खिशात ठेवा. शिकार करून जगणाऱ्या इथल्या मूळच्या सान लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रंगवलेली ही चित्रं 2003 साली मटोबोला जागतिक वारशाचा दर्जा मिळण्याच्या कारणांपैकी एक होती. पोमोंग्वे गुहेत तर जतनासाठीच म्हणून लावलेल्या तेलाने चित्रं काळवंडून गेली. न्जेलेलेच्या डोंगरावर मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. लोक तिथे आजही पावसासाठी प्रार्थना करायला जातात. आणि न्देबेले या तिथल्या भाषेतले दोन शब्द पाठ करा: भेटल्यावर ‘सालिबोनानी’, आभार मानताना ‘न्गियाबोंगा’.

खोलीची एखादी भिंत म्हणजे मूळ शिळाच असेल, तर सकाळी बूट झटकून घाला, विंचू कपारीतच राहतात. माकडं आणि बबून येतात, म्हणून खिडकी लावल्याशिवाय बाहेर पडू नका. अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेपासून खोलीपर्यंत रखवालदाराबरोबरच चला, अंतर पन्नास पावलांचं असलं तरी. आणि ते पिवळं पुस्तक परतीच्या वेळी मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबई विमानतळावर सामान हाती येण्याआधीच ते दाखवावं लागतं.