मल्टी-आयआरला जाण्याआधी: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) २०० तास भरत आले की शेवटचे पंधराएक तास मल्टी-इंजिनसाठी, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानासाठी (ट्विन), राखलेले असतात. बहुतेक फ्लाइंग स्कूल मल्टी रेटिंग आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर: बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) याच तासांत बसवतात, कारण एअरलाइनला दोन्ही एकत्रच हवी असतात. अख्ख्या कोर्समधले सर्वांत महागडे तास हेच, आणि सर्वांत जास्त वायाही हेच जातात.

नाशिकची मुलंमुली यासाठी धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इकडे जातात. ओझर घराजवळ असलं तरी ती धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची (एचएएल). सुखोई-३० तिथंच बांधली गेली आणि शेजारी हवाई दलाचा बेस रिपेअर डेपो आहे. तरीही खालचे हिशेब मुद्दाम ओझरचेच घेतले आहेत. राहुड घाट आणि निफाडची थंडी ज्याला माहीत आहे, त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ, त्यानुसार विमानाला जाणवणारी उंची) पुस्तकापेक्षा लवकर समजते.

आयआरला ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो, त्यातले २० तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. शिवाय पीआयसी (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री. लॉगबुकमध्ये ढगातला वेळ, हूडखालचा (बाहेरचं दिसू नये म्हणून घातलेल्या टोपीखालचा) वेळ आणि सिम्युलेटरचा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत त्याच दिवशी लिहा; सहा महिन्यांनी बेरीज जुळवत बसणं फार त्रासाचं होतं. या ४० तासांपैकी ट्विनवर थोडेच येतात. म्हणून होल्डिंगच्या (ठरलेल्या जागी घिरट्या घालण्याच्या) तिन्ही एंट्री, व्हीओआर या रेडिओ-बीकनची रेडियल (त्यातून निघणारी दिशारेषा) पकडणं, आयएलएस (धावपट्टीकडे उतरवत नेणारे रेडिओ-किरण), मिस्ड अॅप्रोच (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) हे सगळं सिंगल-इंजिनवर आणि सिम्युलेटरवर पक्कं करूनच ट्विनच्या शिडीवर पाय ठेवा. होल्डिंगची एंट्री ट्विनमध्ये बसून बोटांवर मोजणारा विद्यार्थी दोन इंजिनांचं पेट्रोल जाळून एका इंजिनाचा धडा शिकत असतो.

स्कॅन (उपकरणांवरून क्रमाने फिरणारी नजर) मोडतो त्या जागा ठरलेल्या आहेत. उंची ८० फूट चुकली की नजर अल्टिमीटरला चिकटते, आणि तेवढ्यात हेडिंग १५ अंश सरकतं. दुसरी जागा जास्त घातक, कारण ती सिंगलवर कधी उघडी पडत नाही: बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी). जुन्या पॅनेलवर तो टर्न कोऑर्डिनेटरच्या पोटात असतो. काचेच्या पॅनेलवर वरच्या त्रिकोणाखालची छोटीशी पट्टी. सेसना १७२ वर सव्वाशे तास तिच्याकडे न बघता निभावतं. ट्विनमध्ये इंजिन गेलं तर पहिली खबर तिथंच येते. म्हणून सिंगलवर असतानाच सवय लावा: अॅटिट्यूड, बॉल, हेडिंग, अॅटिट्यूड, बॉल, उंची. अॅटिट्यूडवरून निघालेली नजर परतताना बॉलवरून यायला हवी.

आणखी एक काम घरी करण्यासारखं. पाच अवस्थांचा तक्ता एका कागदावर करा: चढ, सरळ उड्डाण, होल्ड, उतार, ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उताराचा किरण). प्रत्येकीपुढे मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, म्हणजे ताकदीचं माप), आरपीएम, गिअर (चाकं) आणि फ्लॅपची स्थिती आणि मिळणारा वेग. आकडे तुमच्याच विमानाचे, पहिल्या दोन सॉर्टींमध्ये (उड्डाणांमध्ये) इन्स्ट्रक्टरसोबत भरलेले. वेग पकडण्यासाठी थ्रॉटल पुढे-मागे करत बसणारा हात स्कॅनचा निम्मा वेळ खातो. आकडा लावा, ट्रिम करा, हात काढा.

आता मुख्य हिशेब. उदाहरणाला पायपर सेमिनोल घेऊ. दोन लायकमिंग ओ-३६०, प्रत्येकी १८० अश्वशक्ती, कमाल वजन ३८०० पौंड. समुद्रसपाटीला दोन्ही इंजिनं चालू असताना चढ मिनिटाला सुमारे १२०० फूट. एक बंद पडलं तर सुमारे २१२. ताकद निम्मी गेली, पण चढ सहाव्या हिश्श्याच्या जरासाच वर उरला. कारण असं की विमान नुसतं एका उंचीवर राखायलाच एका इंजिनाची बहुतेक ताकद लागते. चढाच्या वाट्याला येते ती फक्त उरलेली. त्यात विमान किंचित वाकडं चालतं, रडर वळवून धरलेलं असतं, त्याचा विरोध वेगळा.

पूर्ण वजनाला, एका इंजिनावर सेमिनोलचं सर्व्हिस सीलिंग ३८०० फूट. म्हणजे प्रमाण हवामानात या उंचीवर मिनिटाला फक्त ५० फूट चढ शिल्लक राहतो. ओझरची धावपट्टीच २००० फुटांच्या आसपास आहे. मे महिन्यातली दुपार घ्या: ३८ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) १००५. प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबानुसारची उंची) सुमारे २२००. त्या उंचीवर प्रमाण तापमान साडेदहा अंश, म्हणजे हवा साडेसत्तावीस अंशांनी जास्त गरम. दर अंशाला १२० फूट धरले तर ३३०० फूट वाढतात. डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजार. चाकं जमिनीवर असतानाच विमान स्वतःच्या एक-इंजिनी मर्यादेच्या सतराशे फूट वर. पूर्ण वजनाने निघून अशा दुपारी इंजिन गेलं, तर राहिलेलं इंजिन तुम्हाला वर नेत नाही. खाली जाण्याचा वेग कमी करतं, एवढंच. तेच जानेवारीतल्या पहाटे आठ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड जमिनीच्याही खाली, दीड हजाराच्या घरात येते, आणि तेच विमान वेगळंच वाटतं.

आता ओझरहून धुळ्याकडे काढलेली रेघ बघा. ती सातमाळा रांग ओलांडते. त्या रांगेतला धोडप १४७२ मीटर, म्हणजे ४८२९ फूट. वर निदान हजार फुटांचं अंतर धरलं तरी ढगात सहा हजारांच्या खाली येता येत नाही. (हे समजण्यापुरतं, उड्डाणाला चार्टवर छापलेलाच आकडा घ्यायचा.) सहा हजारांवर इंजिन गेलं तर विमान हळूहळू खाली सरकणार, आणि समोर डोंगर. म्हणून उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये एक वाक्य असायलाच हवं: रांगेच्या अलीकडे इंजिन गेलं तर कुठे वळायचं, पलीकडे गेलं तर कुठे. वजन कमी ठेवणं हा हातातला सर्वांत स्वस्त उपाय. दीड तासाच्या सॉर्टीला टाक्या काठोकाठ भरू नका. ती भर फक्त खाली ओढते. मात्र राखीव इंधनाला हात लावायचा नाही.

डायमंड डीए-४२ वर शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. टर्बो डिझेल इंजिनं जेट ए-१ वर चालतात, उंचीवर ताकद टिकते, प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर. मिक्स्चर नाही, प्रॉप लिव्हर नाही. फेदर (बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवणं) करायला इंजिन मास्टर बंद करायचा. काम सोपं, आणि म्हणूनच चुकीचा मास्टर बंद करणंही तितकंच सोपं. दोन्ही पंखे (प्रॉपेलर) एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे डावं इंजिन क्रिटिकल, म्हणजे ते गेलं तर जास्त जड जातं. सेमिनोलचे पंखे परस्परविरुद्ध फिरतात. तिथं क्रिटिकल इंजिन नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

ढगात इंजिन गेल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बाहेर क्षितिज नसताना ते दिवसाउजेडी दिसतं तसं दिसत नाही. नाक वळतं, पण तुम्हाला दिसतं ते सरकणारं हेडिंग आणि बाजूला पळालेला बॉल. नवखा माणूस हेडिंग सावरायला एलेरॉन (पंखांवरच्या विमान कलवणाऱ्या पट्ट्या) वापरतो. बँक (कलणं) वाढते, वेग उतरतो, आणि बॉल होता तिथंच. आधी पाय. जो पाय दाबून हेडिंग थांबलं ते इंजिन जिवंत. रिकामा पाय ज्या बाजूचा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग क्रम: मिक्स्चर, प्रॉप, थ्रॉटल तिन्ही जोड्या पुढे, फ्लॅप वर, गिअर वर. ओळखा. संशयित थ्रॉटल हळू मागे घेऊन पडताळा: आवाज आणि पायावरचा जोर बदलला नाही, तर ओळख बरोबर. मगच फेदर. वेग निळ्या रेषेवर (एका इंजिनावर सर्वांत चांगला चढ देणारा वेग), सेमिनोलला ८८ नॉट. चालत्या इंजिनाकडे दोन-तीन अंश बँक, बॉल अर्धा त्याच बाजूला. बॉल मधोमध आणण्याचा मोह होतो. मधोमध आणलात तर विमान आडवं घसरत जातं आणि आधीच तुटपुंजा असलेला चढ आणखी कमी होतो.

फेदर करायला उशीर चालत नाही. सेमिनोलचा पंखा ९५० आरपीएमच्या खाली गेला की आतल्या लॉक पिना बसतात आणि मग फेदर होतच नाही. पण घाईने ओळख चुकवून चालतं इंजिन बंद करणं त्याहून वाईट. त्यामुळे खरी गती हाताची नको, क्रमाची हवी. रोज खुर्चीत बसून, डोळे मिटून, मोठ्याने बोलत दहा वेळा करा. घरचे हसतील, हसू द्या.

एक साधी गोष्ट राहून जाते: सीट. सेसनाच्या सवयीने सीट मागे ठेवलेली असते आणि पूर्ण रडर दाबायला गुडघा सरळ करूनही पाय पुरत नाही. इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना रडर टोकापर्यंत दाबून बघा. दाबलेल्या स्थितीत गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा.

व्हीएमसीचा (एका इंजिनावर दिशा ताब्यात राहते तो किमान वेग) सराव गरम दिवशी फसवा असतो. सेमिनोलची लाल रेषा, म्हणजे छापील व्हीएमसी, ५६ नॉटवर आणि स्टॉलचा वेग जवळपास तेवढाच. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, त्यामुळे प्रत्यक्ष व्हीएमसी खाली येते. घड्याळावरचा स्टॉलचा वेग मात्र तिथंच राहतो. परिणामी दिशा सुटण्याआधीच विमान स्टॉल होऊ शकतं, आणि एका बाजूची ताकद चालू असताना स्टॉल म्हणजे स्पिनला आमंत्रण. म्हणून जाणते इन्स्ट्रक्टर रडर मध्येच अडवून धरतात, म्हणजे दिशा वरच्या वेगाला सुटते. काहीही आधी आलं तरी उपाय एकच: थ्रॉटल मागे, नाक खाली. हा सराव भरपूर उंचीवरच. खरं फेदर करून बघणंही उंचीवरच. खाली फक्त थ्रॉटल झिरो-थ्रस्टच्या (पंखा ना ओढतो ना अडवतो अशा) आकड्यावर ठेवून नाटक.

पावसाळ्यात आपल्याकडे खोटं इंजिन फेल्युअर होतं. ऑगस्टमध्ये बावीस-तेवीस अंश आणि दमट हवा म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचायला उत्तम वेळ, विशेषतः उतारात थ्रॉटल मागे असताना. इंजेक्शनच्या सेसनावर शिकलेल्यांनी कार्ब हीटला (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या लिव्हरला) कधी हातच लावलेला नसतो. शिवाय प्रॉप कॉन्स्टंट-स्पीड असल्याने आरपीएम पडत नाही. मॅनिफोल्ड प्रेशर हळूहळू उतरतं. बॉल किंचित सरकला, एका बाजूचं मॅनिफोल्ड घटतंय, तर फेदरकडे हात नेण्याआधी कार्ब हीट पूर्ण. थोडा वेळ इंजिन आणखी रडेल, मग सुधारेल. पंखांवरच्या बर्फाची धास्ती मात्र दख्खनच्या पावसाळ्यात छोट्या विमानाला नाही. शून्य अंशाची पातळी सोळा हजार फुटांच्या आसपास असते. परीक्षेपुरतं वाचा. खरी भीती एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी ढगांची, कारण प्रशिक्षणाच्या विमानात सहसा रडार नसतं आणि थरात दडलेला ढग दिसत नाही.

नाशिकच्या आकाशाबद्दल एवढंच: देवळालीला तोफखान्याची फायरिंग रेंज, गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टरं, ओझरला चाचणी उड्डाणं. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) न बघता इकडून मार्ग आखू नका.

शेवटी एक-इंजिनी आयएलएस. दोन इंजिनांवर ग्लाइडस्लोप खाली यायच्या आधी एक ठिपका असतानाच गिअर सोडायची सवय असते. एका इंजिनावर थांबा. ग्लाइडस्लोप मधोमध आल्यावर सोडा, म्हणजे गिअरचा विरोधच तुम्हाला उताराला लावतो. ग्राउंडस्पीडला पाचाने गुणलं की उतरण्याचा दर मिळतो: ९० नॉटला ४५०, प्रत्यक्षात जरा जास्त. पूर्ण फ्लॅप धावपट्टी नक्की मिळणार असं दिसल्यावरच. थ्रॉटल हलवला की पायही हलायला हवा. इथं सर्वाधिक लोकलायझर (आयएलएसचा धावपट्टीच्या मध्यरेषेचा किरण) सुटतात, कारण ताकद कमी केली तरी पाय पूर्वीइतकाच दाबलेला राहतो.

कॅटेगरी एकच्या आयएलएसला निर्णयाची उंची २०० फूट. पण एका इंजिनावर, गिअर खाली असताना, २०० फुटांवरून परत वर जाणं आपल्या उन्हाळ्यात या विमानाला जमत नाही. बरेच इन्स्ट्रक्टर म्हणून ४००-५०० फुटांची स्वतःची रेषा आखतात: तिच्याखाली फक्त उतरायचं. या दोन आकड्यांमधला अर्थ असा की एक इंजिन गेल्यावर सर्वांत जवळचं विमानतळ बरोबर असेलच असं नाही. ज्याच्या ढगाचा तळ त्या रेषेच्या चांगलाच वर आहे ते बरोबर. ऑगस्टमध्ये इगतपुरीकडे ढग डोंगराला टेकलेले असतात आणि येवल्याच्या बाजूला तळ उंच असतो. तेव्हा घाटाकडे तोंड करून होल्डमध्ये गिरक्या घालू नका. मेडे द्या, कोणतं इंजिन बंद आहे आणि किती तासांचं इंधन आहे ते सांगा, आणि पूर्वेला शिर्डी किंवा औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) हवामान मागून घ्या.