'औदुंबर'वर निबंध लिहिताना या चुका टाळा

बालकवींची 'औदुंबर' जेमतेम आठ ओळींची. तरी "ही केवळ निसर्गकविता आहे का? चर्चा करा" असा प्रश्न आला की चार पानं भरतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

बिघाड बहुधा पहिल्याच परिच्छेदात असतो. १८९०चा जन्म, धरणगाव, १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळालेलं 'बालकवी' हे नाव, यात अर्धं पान जातं. त्याहून वाईट म्हणजे १९१८ साली कवी रेल्वे अपघातात गेले, म्हणून 'काळा डोह' ही त्याचीच चाहूल, असं ठोकून देणं. अपघात कवितेनंतरचा. पुरावा ओळींतूनच यायला हवा. चरित्राला फार तर दोन वाक्यं द्या.

मग सुरू होतो सरळ अर्थ: आधी झरा, मग गाव, मग पायवाट. हे टाळायचं तर ४० मिनिटांतली पहिली ८ आराखड्याला द्या. कच्च्या पानावर दोन रांगा काढा. एकीत रंग: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, काळ्या, काळिमा. दुसरीत क्रियापदं: झरा 'वाहतो', पायवाट 'चालली', औदुंबर 'बसला'. रंग काळोखाकडे सरकतात, हालचाल थांबत जाते आणि ज्याच्या नावाची कविता तो अगदी शेवटच्या शब्दात भेटतो. आता एका वाक्यात उत्तर लिहा: "निसर्गचित्राच्या आडून ही कविता प्रसन्नतेकडून गंभीर शांततेकडे नेते." परिच्छेद या वाक्याला बांधा, ओळींच्या क्रमाला नाही.

इथपर्यंत बरेच जण पोचतात आणि 'गोड काळिमा'पाशी अडखळतात. काळिमा म्हणजे नैराश्य, असं लिहून 'गोड' गुपचूप वगळतात. खरं तर हाच शब्द गुण मिळवून देतो, कारण तो तुमच्या विधानाला आडवा येतो. त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या: काळोख हवाहवासा का वाटतो? पाय पाण्यात सोडून बसण्यात भीती आहे की निवांतपणा? उत्तर कुठलंही चालेल, पण नुसता 'मृत्यूची छाया' हा शिक्का मारून पुढे जाऊ नका.

अवतरण अख्ख्या कडव्याचं नको. दोनतीन शब्द उचला आणि लगेच त्यांच्यावर बोला. स्मरणातून लिहिताना 'बसला असला औदुंबर'मधला 'असला' हमखास गळतो; मग लयही जाते आणि 'असला' म्हणजे नेमका कसला, हा चर्चेचा मुद्दाही.

शेवटची ४ मिनिटं तपासणीला ठेवा. प्रत्येक परिच्छेदात 'औदुंबर'च्या जागी 'श्रावणमासी' घालून वाचा. तरीही वाक्यं बिनबोभाट चालत असतील तर तो परिच्छेद कुठल्याही निसर्गकवितेला चालेल असा आहे. तिथलं 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' खोडा आणि रंगांच्या रांगेतला एखादा शब्द आणून बसवा.