लायब्ररीतली मेकरस्पेस वापरताना या चुका टाळा

मेकरस्पेस म्हणजे थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर अशी मशीन सगळ्यांना वापरायला मिळतात ती जागा. सुरुवात लेझर कटरपासून करतो, कारण बाकीच्या मशीनवरच्या चुकांत बहुतेक वेळा फक्त प्लास्टिक आणि एखादी दुपार वाया जाते. लेझरखाली पीव्हीसी कधीही घालायचं नाही. रेक्झिन, फ्लेक्सचा तुकडा, स्टिकरचं व्हिनाइल, आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड, ही सगळी पीव्हीसीचीच भावंडं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. घसा आणि फुप्फुसं पोळतात, मशीनच्या आतल्या पट्ट्या आणि स्क्रू गंजायला लागतात. मशीन लगेच बंद पडत नाही, त्यामुळे घालणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही. महिनाभराने दुसऱ्याच कुणाचं कटिंग वाकडं येतं आणि बोलणी त्याला खावी लागतात.

हे मी डेस्कच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. अमेरिकेत एमएस करताना विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या मेकरस्पेसमध्ये मी कामाला होतो. तिकडे लायब्ररीत पुस्तकांशेजारी थ्रीडी प्रिंटर ठेवण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. नेवाडा विद्यापीठाच्या रेनो इथल्या डीलामेअर लायब्ररीने २०१२ मध्येच सगळ्या विद्यार्थ्यांना थ्रीडी प्रिंटर खुला केला होता. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ओळखपत्र घेऊन येतो, तासाभराचं ट्रेनिंग करतो आणि मशीनवर बसतो. सोय उत्तम आहे. पण मशीन शंभर हातांतून जातं आणि आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते त्याच्याकडे बघून कळत नाही. निम्मी भानगड इथूनच सुरू होते.

मखर आणि पांढरी शीट

तिकडचं सत्र ऑगस्टच्या शेवटाकडे सुरू होतं आणि पाठोपाठ गणपती येतात. मराठी मुलांचा घोळका एक मोठी पांढरी शीट घेऊन डेस्कवर हजर. "दादा, मखर कापायचंय." कशाची आहे शीट? "फोमची." कसला फोम? सगळे एकमेकांकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, "दुकानात मिळाली."

एवढ्या माहितीवर लेझर चालू करायचं नसतं. कागदी पापुद्र्यामधला फोम बहुधा पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या थर्माकोलचाच भाऊ. तो कापला जाण्याऐवजी वितळतो आणि चटकन पेट घेतो. पॉलिकार्बोनेट दिसायला थेट ॲक्रिलिकसारखं, पण लेझरखाली ते पिवळं-काळं पडतं आणि जळतं. एबीएस हे आणखी एक कडक प्लास्टिक, ते चिकट होऊन वितळतं आणि त्याचा धूर विषारी. म्हणून शीटवरचं लेबल फाडून टाकू नका, बिल जपून ठेवा. लेबल नसेल तर डेस्कवरच्या माणसाला विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडे तांब्याच्या तारेची चाचणी असते. तार ज्योतीत लाल करायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन असल्याचा संशय पक्का, शीट परत. ही चाचणी स्वतः हॉस्टेलच्या खोलीत करायची नाही, तिचाही धूर वाईटच.

मखरासाठी ३ मिमी प्लाय, एमडीएफ किंवा साधा पुठ्ठा घ्या. पुठ्ठा स्वस्त आणि हलका, पण तो पेटतो, म्हणून मशीन चालू असताना कॉफी आणायला जायचं नाही. लेझर चालू ठेवून उठून गेलेल्या माणसाचा परवाना काही ठिकाणी सरळ रद्द करतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

कापल्यावर खाचा सैल बसतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. लेझरची रेघ स्वतःही थोडं मटेरियल खाते, साधारण ०.१ ते ०.३ मिमी. खाच शीटच्या जाडीइतकी काढली तर कापल्यावर ती जाडीपेक्षा मोठी होते. त्यात ३ मिमी म्हणून विकलेला प्लाय मोजल्यावर २.७ किंवा ३.२ निघतो. व्हर्नियरने मोजा, आधी दोन बोटांएवढा तुकडा कापून खाच बसवून बघा, मग पूर्ण शीट लावा.

अनुस्वार कुठे गेला?

देवनागरी अक्षरं कापताना होणाऱ्या गमती तिथल्या स्टाफला माहीत नसतात, त्यामुळे इथे जरा थांबतो.

पहिली गंमत फॉन्टची. मंडळाच्या काकांनी पाठवलेला मजकूर शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, म्हणून पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या आणि घरीच त्याची बाह्यरेषा करा. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाथ' मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ'. त्यानंतर ती अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच उघडतात.

पण इथेच थांबलात तर दुसरी गंमत होते. बऱ्याच फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाटणीची शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर जरासं चढतं. पडद्यावर ती सलग दिसते. लेझरला मात्र दोन वेगळ्या आकृत्या दिसतात आणि तो दोघांच्याही कडा कापतो. "महाराष्ट्र" एकसंध निघायच्या ऐवजी सुटी अक्षरं हातात येतात. उपाय सोपा आहे: अक्षरं ग्रुपमधून सोडवायची, सगळी निवडायची, 'युनियन' करून त्यांची एकच आकृती करायची आणि मग बाह्यरेषेचा मोड लावून सांध्यात एकही आडवी रेघ उरली नाही ना, हे बघायचं.

युनियन नीट झालं की आपल्या लिपीचा फायदा कळतो. रोमन नावातलं प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं, आपला शब्द शिरोरेषेला धरून एका तुकड्यात बाहेर येतो. अपवाद अनुस्वाराचा. "मंडळ" कापलं की 'म'वरचा ठिपका मशीनच्या जाळीतून खाली पडतो आणि मखरावर "मडळ" लागतं. 'ऑ'वरच्या चंद्राचंही तेच. त्यांना शिरोरेषेशी जोडणारी एक बारीक काडी काढा, किंवा ठिपका कापल्याबरोबर उचलून ठेवा. स्टेन्सिल करत असाल तर गोष्ट उलटी होते. 'ब', 'व', 'प'च्या पोटातली बंद जागा गळून पडते, तिला काड्यांनी धरून ठेवावं लागतं.

"पटकन एक प्रिंट"

थ्रीडी प्रिंटरवर पटकन काही होत नाही. संध्याकाळी सहाला येऊन "दादा, उद्या प्रेझेंटेशन आहे, पटकन एक प्रिंट काढून द्या ना" म्हणणाऱ्याला स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटचा वेळ सांगणारं सॉफ्टवेअर, उघडून आकडा दाखवावा लागतो: अकरा तास. मॉडेल सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आकारमान आठपट होतं, आणि वेळही साधारण त्याच वाटेने वाढतो. रुबाबासाठी मोठं करणारे इथे अडकतात. इन्फिल, म्हणजे वस्तूच्या आतली भरण, शंभर टक्के ठेवण्याचा हट्टही तसाच. शोभेच्या किंवा साध्या वापराच्या वस्तूला १५-२० टक्के पुरतात. मजबुती हवी असेल तर बाहेरच्या भिंतींची संख्या वाढवा.

दुसरी नेहमीची भानगड आकाराची. थ्रीडी मॉडेल सहसा एसटीएल फाईलमध्ये असतं आणि तिच्यात एकक नसतं, नुसते आकडे असतात. इंचात काढलेलं मॉडेल स्लायसर मिमी समजून उघडतो आणि दोन इंचांचा डबा दोन मिलिमीटरचा दाणा होतो. मॉडेल पडद्यावर दिसत नसेल तर फाईल खराब झाली म्हणून पुन्हा डिझाइन करत बसू नका, २५.४ ने गुणा.

वस्तू बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या पाटावर, कशी ठेवायची याकडे मुलं सर्रास दुर्लक्ष करतात. प्रिंट थरांवर थर देऊन होते आणि थरांच्या सांध्यातच ती तुटते. भिंतीला लावायचा हुक उभा प्रिंट केला की पहिल्या वजनाला कडकन जातो. तोच आडवा झोपवून केला तर भाकरीच्या पिठाची पिशवीही पेलतो. अधांतरी भागाखाली द्यावा लागणारा टेकू, म्हणजे सपोर्टही कमी लागतो. स्क्रूचं भोकही ठरलेल्या मापापेक्षा थोडं लहान येतं, म्हणून ३ मिमी स्क्रूसाठी भोक साधारण ३.४ चं ठेवा.

प्रिंट बिघडली तर सहसा क्रम असा असतो. कोपरे वर उचलले जात असतील तर आधी बेड बघा. त्यावर लोकांच्या बोटांचं तेल असतं आणि बटाट्याचे वेफर्स खाऊन आलेला माणूस तिथेही असतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मॉडेलला ब्रिम, म्हणजे तळाभोवती एक पातळ कड, लावा. धागे सुटत असतील, नोझलमधून, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडातून, बारीक तडतड ऐकू येत असेल, तर फिलामेंटने, म्हणजे रिळावरच्या प्लास्टिकच्या तारेने, ओल धरली आहे. नायलॉनची ही खोडच आहे, पीईटीजी नावाचं प्लास्टिकही कमी नाही. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उघडं ठेवलेलं रीळ तर हमखास त्रास देतं. सुकवणीच्या डब्यात ठेवून मगच वापरा.

हे सगळं ठीक असूनही प्रिंट बिघडत असेल तर आधीच्या माणसाचा माग काढा. प्रिंटरवर त्याने पीईटीजी चढवून ठेवलेलं असतं आणि तुम्ही पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकसाठी केलेली फाईल पाठवता. किंवा ०.४ मिमीची नोझल काढून ०.६ ची लावलेली असते. रिळावरचं नाव वाचा, मशीनच्या पडद्यावर नोझलचं माप बघा आणि पहिला थर पूर्ण होईपर्यंत समोर उभे राहा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पहिला थर बघायला थांबलेल्याची प्रिंट सहसा बिघडत नाही, आणि निघून गेलेल्याच्या बेडवर सकाळी शेवयांचा ढीग सापडतो.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, हेही ध्यानात असू द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा मोबाइल स्टँड त्यात केला तर एप्रिलच्या दुपारी तो नमस्कार करतो.

दुसऱ्याची प्रिंट संपलेली दिसली तरी तुटेल या बेताने ओढून काढू नका, स्टाफला सांगा. आणि तुमच्या हातून नोझल तुंबली, बेडवर ओरखडा पडला तर गपचूप निघून जाऊ नका. बहुतेक ठिकाणी त्याचा दंड होत नाही. न सांगितलेली तुंबलेली नोझल मात्र पुढच्या चार जणांचा दिवस खाते आणि स्टाफला लॉगमध्ये कोण शेवटचं बसलं होतं ते दिसतंच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर

इथली सर्वांत मोठी चूक हास्यास्पद आहे: केबल. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, जोडला, दिवा लागला, पण कॉम्प्युटरला पोर्ट दिसत नाही. बरेच जण बोर्ड खराब म्हणून बाजूला टाकतात. केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. ती बदला. तरी दिसत नसेल तर स्वस्त बोर्डांवर यूएसबी जोडणीसाठी असलेल्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर टाका. फुगलेली लिथियम बॅटरी "जरा चार्ज करून बघू" म्हणून आणू नका. सोल्डरिंग झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच डबा उघडा.

वरच्या मजल्यावर

मेकरस्पेसच्या वर सहसा रिसर्चची जागा असते, आणि तिथल्या चुकांना धूर निघत नाही, म्हणून त्या उशिरा लक्षात येतात.

सार्वजनिक कॉम्प्युटर लॉग-आउट झाला की अनेक ठिकाणी सगळं पुसून टाकतो. डेस्कटॉपवर ठेवलेला तीन तासांचा मसुदा परत येत नाही आणि तो आणून देणं स्टाफच्याही हातात नसतं. पहिल्या मिनिटालाच ड्राइव्हवर सेव्ह करा. ग्रुप रूम बुक करून न येणं हीही वाईट सवय. काही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत बुकिंग आपोआप रद्द होतं, आणि उशिरा पोचलेले मग आत बसलेल्यांशी वाद घालतात.

मराठी पुस्तक स्कॅन करताना ओसीआरची, म्हणजे चित्रातून मजकूर ओळखण्याच्या सोयीची, भाषा इंग्रजी राहते आणि हाती कचरा येतो. स्कॅनरमध्ये मराठी दिसत नसेल तर ३०० डीपीआयला साधं स्कॅन करा आणि नंतर टेसेरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठी निवडून मजकूर काढा.

शोधनिबंध स्क्रिप्ट लावून घाऊक उतरवणं हा प्रकार सगळ्यात महागात पडतो, कारण प्रकाशक एका विद्यार्थ्याला ओळखत नाही, तो अख्ख्या कॅम्पसचा इंटरनेट पत्ता बंद करतो. २०१० मध्ये अशाच घाऊक डाउनलोडमुळे जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन भांडाराने अमेरिकेतल्या एमआयटीच्या संपूर्ण कॅम्पसचा प्रवेश काही दिवस थांबवला होता. टेक्स्ट मायनिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरने मजकूर चाळून माहिती काढण्यासाठी, हजारो निबंध लागणार असतील तर लायब्ररियनला सांगा, बऱ्याच प्रकाशकांकडे त्यासाठी वेगळी सोय असते.

उलट बाजूही आहे. गूगलवर निबंध सापडतो, प्रकाशकाचं पान पैसे मागतं आणि मुलं कार्ड काढतात. आधी लायब्ररीच्या लिंकवरून लॉग-इन करून तोच निबंध उघडा. भारतातल्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू आहे, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं येतात. तुमचं कॉलेज त्यात असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल, असं सहज होऊ शकतं. अमेरिकेत असाल तर इंटरलायब्ररी लोनचा अर्ज भरा. तुमच्या विद्यापीठात नसलेला निबंध दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात, बहुतेक वेळा फुकट, आणि पीडीएफ एक-दोन दिवसांत मेलवर येते. आपल्याकडून गेलेली मुलं लायब्ररियन म्हणजे पुस्तकावर शिक्का मारणारा माणूस समजतात आणि पहिलं अख्खं वर्ष त्या खिडकीकडे फिरकत नाहीत. तिथे बऱ्याच विद्यापीठांत विषयवार वेगळा लायब्ररियन असतो, त्याची अर्ध्या तासाची वेळ ऑनलाइन घेता येते. जाताना विषयाचं एक वाक्य आणि आतापर्यंत वापरलेले शोधशब्द लिहून न्या.