पोलिसाने गाडी थांबवली आणि गाडीत पिस्तूल असेल तर

दरवर्षी उन्हाळा संपत आला की अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी-मॉरिसव्हिलकडे आपली नवीन मंडळी येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, अपार्टमेंट कुठे बघू, इन्शुरन्स कुणाचा घेऊ, चांगली कणीक कुठे मिळते. बंदुकीबद्दल कुणी विचारत नाही, कारण आपल्या डोक्यात तो विषयच नसतो. तिकडे भारतात पिस्तुलाचं लायसन म्हणजे बिल्डर, पुढारी नाहीतर सराफ, आणि इलेक्शन लागलं की त्यातल्या बऱ्याच जणांना ते पोलीस स्टेशनला जमा करायला लागतं. इथे नॉर्थ कॅरोलिनात ऑफिसात तुमच्या शेजारी बसणाऱ्याकडे असू शकतं. माझ्याकडे आहे, ग्रीन कार्ड आल्यावर दोन वर्षांनी घेतलं, बायको अजून त्यावर नाराज आहे, पण तो वेगळा विषय.

आधी महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर (नोकरी, शिक्षण, नाहीतर जोडीदार म्हणून) असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ ठेवता येत नाहीत. मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन. "ते कागदावर असतं रे, चल रेंजवर" (म्हणजे नेमबाजीच्या जागी) असं म्हणणारा एकतरी मित्र भेटतोच. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेली रेहाइफची केस अशाच रेंजवरून सुरू झाली होती, स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजने काढून टाकलेला, फ्लोरिडात रेंजवर जाऊन नेमबाजी केली आणि पुढे सगळं आयुष्य कोर्टात. सरकारने आधी सिद्ध करायला हवं होतं की आपलं स्टेटस काय हे त्याला माहीत होतं, असं कोर्ट म्हणालं, पण तुम्हाला तर तुमचं स्टेटस तोंडपाठ आहे ना! २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि डिपोर्टेशनची टांगती तलवार वेगळी. वकिलाला विचारल्याशिवाय हंटिंग लायसनच्या भरवशावर उड्या मारू नका.

म्हणून मित्राची गाडी मागून घेताना किल्लीबरोबर एवढं विचारा, "गाडीत काही आहे का?" लाजू नका. तो सिटिझन असेल, त्याचं सगळं कायदेशीर असेल, पण चालवताय तुम्ही आणि कन्सोलमध्ये पिस्तूल आहे हे तुम्हाला माहीत आहे, मग "माझं नाहीये" म्हणून सुटका होईलच असं नाही.

आता ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि ज्यांनी शेरीफकडून (काउंटीचा पोलीसप्रमुख) कन्सील्ड कॅरीचं, म्हणजे पिस्तूल लपवून बाळगायचं, परमिट काढलंय त्यांच्यासाठी. इथला नियम असा की पिस्तूल लपवून बाळगत असाल आणि पोलीस तुमच्याजवळ आला किंवा तुमच्याशी बोलला की आपणहून सांगायचं, परमिट आहे आणि आत्ता जवळ पिस्तूल आहे. त्याने विचारायची वाट बघायची नाही. शेजारच्या व्हर्जिनियात तसं नाही, तिथे मागितलं की परमिट आणि फोटो आयडी दाखवायचं. ओहायोत पूर्वी लगेच सांगावं लागायचं, २०२२ मध्ये तो नियम बदलला, आता विचारलं तर सांगायचं. मिशिगनमध्ये लगेच सांगावं लागतं, नाही सांगितलं तर दंड. त्यामुळे कुणी टेक्सासवाला मित्र छातीठोकपणे काही सांगत असेल तर ते त्याच्या राज्याचं, तुमच्या नाही.

पण नियमापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते कसं सांगायचं. आपली सवय काय, मामांनी शिट्टी मारली की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, कागदपत्रं घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि "साहेब साहेब" करायचं. इथे उतरायचं नाही. गाडी उजवीकडे घ्या, बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि लायसन काढायला खिशात हात घालायचा नाही! आपण हुशारी म्हणून आधीच काढून ठेवायला जातो, पण मागून येणाऱ्या पोलिसाला दिसतो फक्त खाली वाकलेला माणूस.

बोलताना पहिल्या वाक्यात "गन" शब्द नको. मी म्हणतो, "ऑफिसर, आय हॅव अ कन्सील्ड कॅरी परमिट अँड आय अ‍ॅम कॅरिंग." मग गप्प. तो विचारेल कुठे आहे, तेव्हा तोंडाने सांगायचं, बोटाने दाखवायचं नाही. तो म्हणेल लायसन दे, तर "पाकीट मागच्या उजव्या खिशात आहे, काढू का?" असं विचारून, हो म्हटल्यावरच हात हलवायचा. तो कधीकधी पिस्तूल आपल्या ताब्यात घेतो आणि शेवटी परत देतो, तेही त्यालाच काढू द्या. आणि एक, आपली ती हो आणि नाहीच्या मधली मान हलवायची सवय. मला एकदा आय-४० हायवेवर थांबवलं होतं स्पीडिंगसाठी, त्याने विचारलं "समजलं ना?" आणि मी मान डोलवली, तो म्हणाला "येस ऑर नो?", दोनदा. तेव्हापासून तोंडाने "येस सर".

तरी हे सगळं करून माणूस सुरक्षितच, असं मी म्हणणार नाही. मिनेसोटात ६ जुलै २०१६ ला गाडी थांबवल्यावर फिलँडो कॅस्टिल नावाच्या माणसाने पोलिसाला शांतपणे सांगितलं होतं की माझ्याजवळ बंदूक आहे, परमिट होतं, आणि तिथे न विचारता सांगायची सक्तीसुद्धा नव्हती. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मैत्रीण शेजारी, तिची चार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. मी तो व्हिडिओ बघितल्यापासून गाडीचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स वर सन व्हायझरला लावून ठेवलंय, कारण पूर्वी ते ग्लव्ह बॉक्समध्ये होतं आणि पिस्तूलही तिथेच. म्हणजे कागद मागितले की नेमका त्याच खणात हात!

आई-बाबा आलेले असतील तर त्यांना आधीच समजावून ठेवा. माझी आई मागे बसली होती, तिने पोलीस बघितल्याबरोबर बेल्ट सोडला आणि पर्समध्ये हात घातला, पासपोर्ट काढायला. मी मराठीत ओरडलो "आई, हात मांडीवर!" आणि लगेच ऑफिसरला इंग्लिशमध्ये सांगितलं की मी आईला हलू नको म्हणून सांगतोय. तो हसला, पण माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते घामाने.

परमिट असताना प्यायलेले असाल तर पिस्तूल लपवून जवळ नकोच, अंगात थोडी जरी असली तरी. पार्टीला जाताना घरी ठेवा.

आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाकडे निघालात तर इथलं परमिट मेरीलँड आणि न्यू जर्सीत चालत नाही. दुसऱ्या राज्यांतून बंदूक नेऊ देणारा १९८६ चा फेडरल कायदा आहे खरा, गोळ्या काढून डिकीत, डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल चालत नाही. पण तो तिथून पार होणाऱ्याला, आणि तेही दोन्ही टोकांना बाळगायची परवानगी असेल तर. तुम्हाला तर एडिसनलाच उतरायचंय. तिजोरीत ठेवा आणि गाडीत चकल्या न्या.