हार्ट अरेस्टनंतर मेंदू वाचवायचाय? बर्फ, चादर आणि घाई, या चुका टाळा

हार्ट अरेस्टनंतर, म्हणजे हृदय अचानक बंद पडून परत सुरू झाल्यावर, पेशंटचं अंग थंड ठेवतात हे आता गोव्यात बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय, पण अर्धवट गेलंय, त्यामुळे आयसीयूत काम करताना त्याच त्याच चुका परत परत बघायला लागतात. सगळ्या मायेपोटीच होतात, पण भोगतो तो पेशंटचा मेंदू, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महाग पडणारी चूक घरीच होते. माणूस कोसळला की कोणीतरी फ्रीजकडे धावतं, किनाऱ्याकडे तर मासळीच्या पेटीतला बर्फ आणून कपाळावर ठेवतात, एकजण नाकाला कांदा लावतो, दुसरा तोंडात पाणी घालतो, आणि या सगळ्या गडबडीत छाती कोणीच दाबत नाही. मेंदूला चार-पाच मिनिटं रक्त पोचलं नाही की पेशींचं नुकसान सुरू होतं, तिथे बर्फाचा काही उपयोग नाही. हाक मारून हलवून बघा, उत्तर नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत तर लगेच 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. सत्तरी, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो, तिथे तर सगळी भिस्त यावरच आहे. पाणी तोंडात घालू नका, ते फुफ्फुसात जातं. आणि समुद्रात किंवा नदीत बुडालेला असेल तर उलटा धरून पोटातलं पाणी काढत बसू नका, त्याला आधी तोंडाने श्वास द्यायला लागतो, मग छाती दाबणं.

"ॲम्ब्युलन्समध्येच थंड का नाही केलं?" हा प्रश्न येतोच. अमेरिकेत सिएटलच्या भागात हे करून बघितलंय, 1,359 पेशंटवर, अर्ध्यांना वाटेतच 4 डिग्री सेल्सियसचं थंड सलाईन दिलं. 2014 ला निकाल आला, जगण्यात की शुद्धीवर येण्यात काहीच फरक नाही, उलट वाटेत हृदय परत बंद पडणं आणि फुफ्फुसात पाणी होणं वाढलं.

मग थंड करायचं कशाला? हृदय सुरू झालं की धोका संपला असं वाटतं, पण रक्त परत मेंदूत शिरल्यावर दुसरं नुकसान सुरू होतं, पेशींत कॅल्शियम शिरतं, सूज येते, आणि हे तासंतास, कधी दोन-तीन दिवस चालतं. त्यात ताप चढला की मेंदूची ऑक्सिजनची भूक वाढते. टेंपरेचर 1 डिग्रीने उतरलं तर मेंदूचं काम साधारण 6 ते 10 टक्के मंदावतं, एवढाच हिशोब आहे.

आता आयसीयूतल्या चुका. आत आलेली आई किंवा बायको हात धरते, हात गार लागतो, आणि पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या अंगावर चादर ओढते. कृपा करून ओढू नका. तळव्यांना तेल चोळू नका. कधी नर्सच हातापायांना ऊब देताना दिसेल, ती मुद्दाम देते, कातडी उबदार ठेवली की थरथर कमी होते आणि आतलं टेंपरेचर मात्र अंगाला लावलेल्या पॅडमधून गार पाणी फिरवणारं मशीन सांभाळतं. थरथर दिसली तर लगेच सांगा, कारण थरथरणारं शरीर उष्णता तयार करतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, शिवाय कधी ती थंडीची थरथर नसून फिट असते, ते ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढल्यावरच कळतं.

घरचा थर्मामीटर आणून काखेत लावू नका, तो आकडा कमी दाखवतो. खरं माप अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात सोडलेल्या प्रोबचं, म्हणजे टेंपरेचर मोजणाऱ्या बारीक तारेचं. एक गोष्ट मला नेहमी बघायला लागते, पॅडच्या मशीनवर पेशंट 37 डिग्री, म्हणजे नेहमीचं टेंपरेचर, दाखवतोय पण मशीनमधलं पाणी गार गार होत चाललंय, याचा अर्थ ताप आत आहे, मशीन त्याला दाबून धरतंय. म्हणजे इन्फेक्शन शोधायला लागायचं.

"आता बरा दिसतोय, लवकर गरम करा" हा हट्टही नको. तासाला पाव ते अर्धा डिग्री, त्याहून जोरात नाही, म्हणजे 33 डिग्रीपर्यंत थंड केलेल्याला 37 ला यायला 8 ते 16 तास. घाई केली तर बीपी पडतं, रक्तातलं पोटॅशियम वर उसळतं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

मग दुबईहून किंवा बोटीवरून भावाचा फोन येतो, "33 डिग्री का नाही ठेवलं, गूगलवर लिहिलंय." 2002 ला युरोप आणि मेलबर्नच्या दोन अभ्यासांनी थंड केलेले पेशंट जास्त चांगले शुद्धीवर आले असं दाखवलं, ते खरंच. पण 2021 ला 1,900 पेशंटच्या मोठ्या अभ्यासात 33 आणि नुसता ताप न येऊ देणं यांत सहा महिन्यांनी फरक निघाला नाही, थंड केलेल्यांत लयीचे त्रास मात्र जास्त. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी 37.5 च्या वर जाऊ देत नाहीत, दीड ते तीन दिवस. हा हलगर्जीपणा नाही. काही पेशंटना डॉक्टर अजूनही 33 ते 36 ला नेतात, तो त्यांचा निर्णय पेशंट बघून असतो. लक्ष न देता ताप चढू दिला तर मात्र जाब विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो या चुकीने: दुसऱ्याच दिवशी "डोळे उघडत नाही, आता काय उरलंय" म्हणून स्वतःच्या सहीवर घरी नेणं. झोपेची औषधं चालू असतात, आणि थंड शरीरात ती हळू उतरतात, त्यामुळे तो उत्तर देत नाही याचा अर्थ मेंदू गेला असा होत नाही. कमीत कमी 72 तास आणि औषधं उतरल्यावरच अंदाज बांधतात, तोही डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी, स्कॅन सगळं मिळून, एकट्या कशावरून नाही. देवाला कौल लावायचा तर जरूर लावा, पण सही थांबवा.

रोज घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं आणि वहीत लिहावं: आतलं टेंपरेचर किती, झोपेचं औषध कधी बंद केलं, त्याला किती तास झाले, फिटसाठी ईईजी झाला का, पुढचा तपास कधी.